‘पूर्ण नाव काय?’ : न्यू यॉर्कचा १९४५ चा कायदा आणि एका तक्रारीचा प्रवास

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, “नोकरी जातीमुळे नाकारली हे आपल्याला कळतं हो, पण ते सांगायचं कुणाला, आणि सिद्ध कसं करायचं?” प्रश्न आपल्याकडचा आहे. पण त्याचं एक जुनं उत्तर शोधायला आज मी तुम्हाला न्यू यॉर्कला नेणार आहे.

साल १९४१. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत माणसं हवी होती, पण काळ्या कामगारांना दार बंद. कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा आणायचा इशारा दिला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी २५ जूनला भेदभावाविरुद्ध हुकूम काढला आणि एक समिती नेमली. समिती तक्रारी ऐकायची, पण तिचं कुणी ऐकलं नाही तर तिच्या हातात फारसं काही नव्हतं. १९४६ मध्ये ती गुंडाळली गेली.

न्यू यॉर्क राज्याने यातून धडा घेतला. १२ मार्च १९४५ रोजी गव्हर्नर ड्यूई यांनी आयव्हज-क्विन कायद्यावर सही केली. आयव्हज रिपब्लिकन, क्विन डेमोक्रॅट. वंश, धर्म, रंग किंवा मूळ देश यावरून नोकरीत भेदभाव करायचा नाही, आणि तक्रार ऐकायला पाच सदस्यांचा कायमचा आयोग. खाजगी नोकऱ्यांतल्या भेदभावावर असा अधिकार असलेला आयोग नेमणारं हे अमेरिकेतलं पहिलं राज्य.

आता तक्रारीचा प्रवास बघा. अर्जदाराने शपथेवर तक्रार द्यायची, तीही ९० दिवसांच्या आत. मग एक सदस्य चौकशी करणार. तक्रारीत तथ्य दिसलं तर लगेच खटला नाही. आधी मालकाला बोलावून चर्चा, समजूत, तडजोड, आणि हे सगळं बंद दाराआड. तिथे जमलं नाही तरच जाहीर सुनावणी. मला यातली एक गोष्ट फार आवडते : ज्या सदस्याने चौकशी केली, त्याला निकाल देणाऱ्यांत बसता येत नसे. सुनावणीनंतर आयोग आदेश काढू शकायचा : माणसाला कामावर घ्या, बुडालेला पगार द्या. मालकाने ऐकलं नाही तर आयोग कोर्टात जायचा.

पण मंडळी, इथेच गोम आहे. सुरुवातीच्या वर्षांत जाहीर सुनावणीपर्यंत फारच थोडी प्रकरणं गेली. बहुतेक समजुतीने मिटली, नाहीतर फेटाळली गेली. हक्कांसाठी लढणाऱ्या संघटना म्हणायच्या, आयोग फार मऊ आहे. बंद दाराआड मिटलं की शेजारच्या कारखान्याला धाक बसत नाही. आणि ९० दिवस! आधीच नोकरी गेलेला माणूस दुसरं काम शोधणार, की शपथपत्र लिहिणार?

तरी आयोगाने एक काम असं केलं की ते ऐकून मला आपलीच आठवण झाली. नोकरीच्या अर्जात काय विचारायचं नाही, याचे नियम त्याने घालून दिले. धर्म विचारायचा नाही. जन्मगाव विचारायचं नाही. अर्जासोबत फोटो मागायचा नाही. आणि कुणी नाव बदललं असेल, तर मूळ नाव कोणतं हेही विचारायचं नाही. आता आपल्याकडचं “पूर्ण नाव काय? गाव कुठलं?” आठवा. विचारणाऱ्याला काय हवंय हे दोघांनाही माहीत असतं.

याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात, बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले होते. स्वतंत्र भारताने मात्र वेगळी वाट धरली. १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा, जो १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, तो भेदभावाला गुन्हा मानतो. म्हणजे पोलीस ठाणं, फिर्याद, साक्षीदार. त्यात शिक्षेची ताकद आहे, पण गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, आणि शिक्षा झाली म्हणून हुकलेली नोकरी मिळतेच असं नाही. न्यू यॉर्कच्या वाटेत तुरुंगाचा धाक कमी, पण नोकरी आणि पगार परत मिळण्याची सोय होती.

तो आयोग आज मानवी हक्क विभाग म्हणून चालू आहे. १५ फेब्रुवारी २०२४ पासून घडलेल्या भेदभावाची तक्रार तिथे तीन वर्षांपर्यंत करता येते. ९० दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत यायला जवळजवळ आठ दशकं लागली.

म्हणून त्या श्रोत्याला माझं उत्तर एवढंच : कायदा आहे का, हे विचाराच. पण त्याच्या पुढचंही विचारा. तक्रार कुणाकडे, किती दिवसांत, चौकशी कोण करणार, आणि शेवटी माझ्या हातात काय पडणार? हक्क खरा किती, ते या चार उत्तरांतून कळतं.

भेटू पुढच्या भागात.