पार्किंगखालचा राजा आणि लेकींची वंशावळ

एका बेनामी सांगाड्याची ओळख वंशावळीच्या कागदांनी कशी पटवली, आणि त्यात राजवंशाच्या मिरवलेल्या वंशवृक्षापेक्षा विस्मृतीत गेलेल्या बायकांची साखळी कशी कामी आली, त्याची ही हकीकत.

२५ ऑगस्ट २०१२ रोजी इंग्लंडमधील लेस्टर शहरात एका सरकारी पार्किंगमध्ये उत्खनन सुरू झाले. पहिल्याच दिवशी मानवी पायाची हाडे दिसली. सप्टेंबरच्या आरंभी सांगाडा मोकळा झाला. शवपेटी नव्हती, खड्डा देहाच्या मानाने आखूड होता, पाठीच्या कण्याला मोठा बाक होता आणि पावले गायब होती. अंगावर मृत्यूसमयीच्या ११ जखमा मोजण्यात आल्या. त्यांतील ९ कवटीवर होत्या.

या जागी पूर्वी ग्रेफ्रायर्स नावाचा फ्रान्सिस्कन मठ होता. २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या रणांगणावर मारला गेलेला इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याच मठाच्या चर्चमध्ये घाईघाईने पुरला गेला, असे जुन्या लेखनात नमूद होते. पुढे १५३८ मध्ये मठ बंद झाला आणि थडगे नाहीसे झाले. राजाची हाडे सोअर नदीत फेकून दिली, अशी लोककथा त्यानंतर शतकानुशतके सांगितली जात होती.

हाडांनी बरेच काही सांगितले. पुरुष, वय तिशीच्या आसपास (रिचर्ड मृत्युसमयी ३२ वर्षांचा होता), युद्धात मृत्यू, वाकडा कणा, काळही जुळणारा. तरीही यातून सिद्ध होते ते एवढेच, की हा रिचर्ड असू शकतो. 'असू शकतो' आणि 'आहे' यांमधील अंतर कसे ओलांडायचे? पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला ओळखणारे जिवंत कोणी नाही. मात्र त्याच्या शरीरातील एक गोष्ट आजही कोणाच्या तरी शरीरात जशीच्या तशी असणे शक्य होते.

ती म्हणजे मायटोकॉन्ड्रियल डीएनए. आपल्या पेशींमधला हा छोटासा डीएनए केवळ आईकडून येतो. मुलगा आणि मुलगी या दोघांनाही तो मिळतो, पण पुढच्या पिढीला तो देते ती फक्त मुलगी. रिचर्डचा एकुलता एक औरस मुलगा बापाच्या आधीच वारला होता. पण मुलगा जगला असता तरी इथे उपयोग नव्हता. हवी होती रिचर्डची बहीण, तिची लेक, त्या लेकीची लेक, आणि अशीच आजपर्यंत कोठेही खंड न पडलेली रांग.

योगायोग असा, की ही रांग उत्खननाच्या कितीतरी आधीच शोधलेली होती, आणि तीही रिचर्डसाठी नव्हे. बेल्जियममधील मेखेलेन येथे काही हाडे सापडली होती आणि ती रिचर्डची बहीण मार्गारेट हिची असावीत, अशी शंका होती. इतिहाससंशोधक जॉन अ‍ॅशडाउन-हिल यांच्याकडे २००३ मध्ये प्रश्न आला, की मार्गारेटशी जुळवून पाहायला मातृवंशातील जिवंत नातेवाईक मिळेल का? मार्गारेट निःसंतान. म्हणून ते तिच्या थोरल्या बहिणीकडे, अ‍ॅनकडे वळले.

या अ‍ॅनची गोष्ट जरा थांबून वाचण्याजोगी आहे. तिने पहिल्या पतीशी काडीमोड घेऊन थॉमस सेंट लेजर या सरदाराशी लग्न केले. १४७६ मध्ये ती वारली. मागे उरली एक लेक, तिचेही नाव अ‍ॅन. पुढे १४८३ मध्ये सेंट लेजर राजाविरुद्धच्या बंडात सामील झाला आणि रिचर्डने आपल्या या मेहुण्याचा शिरच्छेद करवला. ज्या पोरीला रिचर्डने पोरके केले, तिच्याच लेकी-नातींच्या रक्तातून पाच शतकांनी त्याची ओळख पटली. कादंबरीकाराने असे लिहिले असते, तर आपणच त्याला नावे ठेवली असती.

आता कागदांकडे वळू. मुलाची रांग शोधणे तुलनेने सोपे असते. आडनाव टिकते, जहागीर टिकते, वारसाचे तंटे कागदावर उतरतात. लेकीची रांग दर पिढीला नवे आडनाव घेते, नव्या गावी जाते. या साखळीत तर बार्बरा हे एकच नाव पिढ्यानपिढ्या इतक्या वेळा येते, की आईला मुलगी समजण्याची चूक सहज घडावी. तरीही इंग्लंडमध्ये शोधाला हाताशी बरेच काही आहे. मृत्युपत्रांत आया लेकींना नावानिशी वस्तू ठेवून जातात. आणि १५३८ मध्ये, ज्या वर्षी लेस्टरचा मठ बंद पडला त्याच वर्षी, आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम काढला. मठ मोडणाऱ्या राजवटीनेच अशी दप्तरेही सुरू केली, ज्यांच्या आधारे अशा साखळ्या तपासता येतात.

या कागदांचा माग काढत अ‍ॅशडाउन-हिल कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात राहणाऱ्या जॉय इब्सेन या निवृत्त पत्रकार बाईंपर्यंत पोहोचले. मेखेलेनची हाडे मार्गारेटची ठरली नाहीत. जॉयबाई २००८ मध्ये वारल्या. पण २०१२ मध्ये सांगाडा सापडला, तेव्हा त्यांचे पुत्र मायकल इंग्लंडमध्येच होते. व्यवसायाने फर्निचर घडवणारे सुतार.

लेस्टर विद्यापीठाने मात्र एका साखळीवर भिस्त ठेवली नाही. केव्हिन शूरर यांनी प्रत्येक दुवा कागदपत्रांनिशी पुन्हा तपासला आणि त्याच मातृवंशाची एक स्वतंत्र शाखा शोधून दुसरी जिवंत वंशज मिळवली. ही दुसरी साखळी मला सर्वांत मोलाची वाटते. एकाच माणसाशी जुळणे हा योगायोग असू शकतो. शेकडो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन शाखा त्याच सांगाड्यापाशी येऊन मिळाल्या, तर कागद आणि रक्त दोन्ही खरे बोलत आहेत.

निकाल: रिचर्ड आणि मायकल यांच्यामध्ये १९ जन्मांचे अंतर, तरी दोघांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए तंतोतंत एक. दुसऱ्या शाखेत अंतर २१ जन्मांचे, आणि फरक फक्त एका अक्षराचा. इतक्या पिढ्यांत एवढा बदल होणे साहजिकच आहे. हा प्रकार युरोपातही दुर्मीळ आहे. ट्युरी किंग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सर्व पुरावे एकत्र मांडून हा सांगाडा रिचर्डचाच असल्याची शक्यता ९९.९९९ टक्के काढली.

आता गंमत पाहा. याच अभ्यासात पुरुषवंशही तपासला गेला. रिचर्ड हा तिसऱ्या एडवर्डचा खापरपणतू. त्याच एडवर्डपासून बापाकडून मुलाकडे आलेला वंश बोफर्टच्या ड्यूक घराण्यात आजही आहे, सरदारांच्या छापील वंशावळींत नोंदलेला, शिक्कामोर्तब झालेला. त्या घराण्यातील पाच पुरुषांचे 'वाय' गुणसूत्र तपासले. चार आपसांत जुळले, पाचवा वेगळाच निघाला आणि रिचर्डशी एकही जुळला नाही! म्हणजे कागदावरचा बाप आणि खरा बाप कोठेतरी, आणि एकाहून अधिक वेळा, वेगळे होते. कोणत्या पिढीत, हे या चाचणीतून कळत नाही. वृत्तपत्रांनी लगेच ट्यूडरांच्या सिंहासनाचा हक्क उकरून काढला. मला तो गदारोळ पोकळ वाटतो. ट्यूडरांना मुकुट मिळाला तो तलवारीने आणि पार्लमेंटच्या कायद्याने.

असाच एक प्रश्न आपल्या शेजारी, गोव्यातही उभा राहिला होता. जॉर्जियातील काखेतीची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये शिराझ येथे शाह अब्बासच्या हुकमाने ठार करण्यात आले. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे काही अवशेष जुन्या गोव्यातील आपल्या मठात आणले. पोर्तुगीज कागदांत जागेचा उल्लेख होता. त्यावरून पुरातत्त्व खात्याला २००४ मध्ये तेथे एक हाड मिळाले. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील चाचणीत त्याचा मातृवंश यू१बी निघाला. तो भारतीय नमुन्यांत आढळला नाही, जॉर्जियन नमुन्यांत आढळला. २०२१ मध्ये भारताने हे अवशेष जॉर्जियाला भेट दिले. पण इथे जुळवायला लेकींची साखळी नव्हती. चाचणीने हाड जॉर्जियाकडचे ठरवले; राणीपर्यंत नेले ते पाद्र्यांच्या कागदांनी. दोन निष्कर्षांच्या बळात फरक आहे, तो यामुळे.

हे वाचत असताना मी घरचा कुळवृत्तान्त काढून बसले. वडिलांकडच्या अकरा पिढ्या ओळीने सापडल्या. आईकडून आजी, पणजी असे जाऊ लागले, तर तिसऱ्याच पायरीला कागद संपला. आपल्याकडे आडनावासोबत सुनेचे पाळण्यातले नावही लग्नात बदलत असे, त्यामुळे एकच बाई दोन घराण्यांच्या नोंदींत दोन वेगळ्या बायका होऊन बसते. पणजीच्या नावापुढे एवढेच लिहिले आहे: 'माहेर कोकणात'. पुढच्या सुट्टीत आजीच्या भावाकडे जाऊन तेवढे गाव तरी विचारून घेणार आहे. त्यांचे वय आता नव्वदीपार आहे.