दान, दाम आणि दारिद्र्य

दानाचे माहात्म्य मराठी माणसास नव्याने सांगण्याचे कारण नाही. पंढरीच्या वाटेवरील अन्नदानापासून मुंबईतील धर्मादाय इस्पितळांपर्यंत त्याच्या खुणा जागोजाग दिसतात. मुलखापासून दूर वाढलेल्या आमच्यासारख्या मंडळांच्या जमाखर्चातही गरजू विद्यार्थ्यांचे आणि पूरग्रस्तांचे स्मरण असतेच. दानाने दुःख हलके होते, यात शंका नाही. परंतु दारिद्र्य हटते काय, हा प्रश्न निराळा. आणि तो शास्त्रीय रीतीने विचारला जावा म्हणून धन देणाऱ्यांत एक भारतीय दाता अग्रभागी होता, हे आज फारसे कोणास आठवत नाही.

जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा हे ते दाते होत. नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजास त्यांचे मोठे साहाय्य होते. १९१२ साली त्यांनी लंडन विद्यापीठास दारिद्र्याची कारणे आणि त्यांवरील उपाय यांच्या अभ्यासासाठी दरसाल १,४०० पौंड देऊ केले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील या अभ्यासकेंद्राचे संचालकपद आर. एच. टॉनी यांच्याकडे आले. दारिद्र्याचे मूळ गरिबाच्या स्वभावदोषांत न शोधता उद्योगाच्या रचनेत आणि मजुरीत शोधावे, असे त्यांनी १९१३ मध्ये प्रतिपादिले. ब्रिटिश संसदेच्या १९०९ च्या कायद्यान्वये साखळ्या घडविणाऱ्या व कपडे शिवणाऱ्या कामगारांना किमान मजुरी ठरवून मिळाली होती. टॉनींनी या दोन्ही धंद्यांची पाहणी केली. मजुरी वाढली आणि धंदा काही बुडाला नाही, असे त्यांना आढळले. दानाच्या पैशातून झालेल्या अभ्यासाने घामाच्या दामाकडे बोट दाखविले!

हाच धडा महाराष्ट्राने पुढे स्वतःच्या अनुभवातून गिरविला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ च्या सुमारास तासगाव भागात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२ च्या भीषण दुष्काळात लाखो स्त्री-पुरुष सरकारी कामांवर राबले, आणि योजनेने राज्यभर मूळ धरले. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्या खर्चासाठी शहरातील नोकरदाराच्या पगारातून व्यवसायकर कापला जाऊ लागला. शहराने खेड्यास दिलेले हे साहाय्यच होते. पण घेणाऱ्यास ते कोणापुढे हात न पसरता, हक्काने मिळत होते. कामे वेळेवर निघत नसत, मजुरी रखडे, हे दोष होतेच. तरीही २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगाराचा राष्ट्रीय कायदा केला, तेव्हा हाच अनुभव पायाशी होता.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. २०२१-२२ मध्ये ही रक्कम २६ हजार कोटी रुपयांवर गेली. आकडा डोळे दिपविणारा खरा. परंतु त्याच वर्षी केंद्र शासनाचा केवळ ग्रामीण रोजगार हमीवरील खर्च सुमारे ९८ हजार कोटी होता. शिवाय कंपनीने आपल्या परिसरास अग्रक्रम द्यावा, असे कायदाच सांगतो. साहजिकच महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक यांसारख्या उद्योगसंपन्न राज्यांकडे हा ओघ अधिक वळतो आणि बिहारसारख्या राज्यास थोडकेच मिळते. जेथे विहिरी आहेत तेथेच पाऊस पडावा, तसे हे झाले.

म्हणून दान व्यर्थ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. सर रतन टाटांचे दान सार्थकी लागले, ते त्याने खरा प्रश्न विचारण्यास बळ दिले म्हणून. शासन जेथे पोहोचत नाही तेथे शाळा काढणे, नवा प्रयोग करून पाहणे, हे दानाचे क्षेत्र होय. दारिद्र्य मात्र हटते ते काम, रास्त मजुरी आणि शिक्षण हक्काने मिळू लागल्यावरच.

सरकारी नोकरीत केस पिकलेल्या आम्हांस रकान्यांची सवय आहे. तेव्हा सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एवढेच सुचवितो : मंडळाच्या जमाखर्चात ‘किती दिले’ या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा. ज्यांना दिले, त्यांतील किती जणांवर पुन्हा मागण्याची वेळ आली नाही? पुढील पन्नास वर्षांचा हिशेब त्या रकान्यावरून व्हावा.