लिबरल आर्ट्स महाविद्यालये आणि रंगभूमी : एका अमेरिकन शिक्षणपरंपरेचा इतिहास

१

अमेरिकेतील उच्च शिक्षणाच्या इतिहासात रंगभूमीला जे स्थान मिळाले, ते सहजासहजी मिळालेले नाही. आज तेथील लहानमोठ्या लिबरल आर्ट्स महाविद्यालयांत नाट्यगृहे आहेत, नाट्यविभाग आहेत, आणि ज्यास नाटकाची ओढ आहे अशा विद्यार्थ्यास यांपैकी कोणते महाविद्यालय निवडावे हा प्रश्न पडतो. महाराष्ट्रातून पदवीच्या शिक्षणासाठी तिकडे जाणाऱ्यांनाही तो आता पडू लागला आहे. प्रश्न वरवर केवळ व्यावहारिक वाटतो. शुल्क किती, नाट्यगृह केवढे, माजी विद्यार्थ्यांत नामवंत किती, एवढे पाहिले की निर्णय झाला असे समजले जाते. वस्तुतः प्रत्येक महाविद्यालयाने रंगभूमीकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, विरंगुळा म्हणून, विद्या म्हणून की व्यवसाय म्हणून, यावर तेथील विद्यार्थ्याच्या वाट्यास काय येणार हे अवलंबून असते. आणि ही दृष्टी इतिहासाने घडविलेली आहे.

प्रथम संज्ञेचा विचार करणे इष्ट होय. ‘लिबरल आर्ट्स’ ही संज्ञा लॅटिन ‘आर्तेस लिबेरालेस’ या पदबंधापासून आली असून तिचा अर्थ ‘स्वतंत्र मनुष्यास, म्हणजे जो गुलाम नाही त्यास, शोभणाऱ्या विद्या’ असा होतो. मराठीत ‘उदार’ म्हणावे तर राजकीय मतप्रणालीचा भास होतो, ‘मुक्त’ म्हणावे तर मुक्त विद्यापीठाशी गल्लत होते; म्हणून मूळ संज्ञाच ठेवणे बरे. मध्ययुगीन युरोपात या विद्या सात मानल्या जात : व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत व ज्योतिष. त्यांत संगीत आहे; नाट्य नाही. बाराव्या शतकात पॅरिस येथील संत व्हिक्टरच्या मठातील ह्यू या पंडिताने आपल्या ‘दिदास्कालिकोन’ या ग्रंथात या सात विद्यांच्या जोडीला सात हस्तव्यवसाय सांगितले. विणकाम, शस्त्रनिर्मिती, नौकानयन, शेती, शिकार व वैद्यक यांच्या पंक्तीत त्याने शेवटी नाट्यास बसविले. नाट्य हे ज्ञान नसून कारागिरी आहे ही समजूत तेव्हापासून पाश्चात्त्य विद्यापीठांत रूढ असलेली दिसते. आपल्याकडे भरताच्या परंपरेने नाट्यात सर्व विद्या व सर्व शिल्पे यांचा समावेश मानला. त्यामुळे मराठी अभ्यासकास या वादाचे स्वरूप प्रथमदर्शनी अपरिचित वाटण्याचा संभव आहे.

२

अमेरिकेत या समजुतीला धार्मिक विरोधाची जोड मिळाली. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने इ. स. १७५० मध्ये नाट्यप्रयोगांवर कायद्याने बंदी घातली, आणि ती १७९३ पर्यंत टिकली. हार्वर्डचे महाविद्यालय याच प्रदेशात होते. तेथील ‘हेस्टी पुडिंग क्लब’ १७९५ मध्ये स्थापन झाला. पण त्याच्या सभासदांनी पहिले नाटक केले ते १८४४ मध्ये. एकोणिसाव्या शतकातील महाविद्यालयीन रंगभूमी ही अशी मंडळांची रंगभूमी होती. विद्यार्थी हौसेने, सुट्टीच्या वेळी, स्वतःच्या खर्चाने नाटके करीत. अध्यापक ती पाहत किंवा पाहतही नसत. वर्गात सोफोक्लीझ व शेक्सपिअर शिकविले जात, पण ते वाचण्याचे ग्रंथ म्हणून. शब्दांच्या व्युत्पत्तीतच हा भेद दडलेला आहे. ‘ड्रामा’ हा शब्द ‘करणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूपासून, तर ‘थिएटर’ हा ‘पाहणे’ या अर्थाच्या धातूपासून आला. महाविद्यालयांनी मात्र करणे आणि पाहणे ही दोन्ही दाराबाहेर ठेवून केवळ वाचणे आत घेतले होते.

हे दार प्रथम किलकिले केले ते जॉर्ज पिअर्स बेकर या हार्वर्डच्या अध्यापकाने. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने नाट्यलेखनाचा वर्ग चालविला. ‘इंग्रजी ४७’ हा त्याचा क्रमांक. लिहिलेले नाटक रंगमंचावर उभे राहिल्याखेरीज त्याचे गुणदोष कळत नाहीत, या जाणिवेतून १९१२ मध्ये ‘४७ वर्कशॉप’ निघाले. येथे निमंत्रित प्रेक्षकांनी प्रयोगानंतर लेखी अभिप्राय द्यावा असा दंडक होता. १९१४-१५ मध्ये यूजीन ओनील या वर्गात होता. ‘क्लब’ जाऊन ‘वर्कशॉप’ आले, म्हणजे कारखान्यातील शब्द विद्यापीठात आला, ही गोष्ट लक्षणीय आहे. ज्या कारागिरीस ह्यूने खालच्या पंक्तीत बसविले होते, तीच आता ज्ञानाचे साधन म्हणून पुढे येत होती.

हार्वर्डला मात्र ती मानवली नाही. नाट्यकलेसाठी पदवी किंवा योग्य नाट्यगृह देण्यास विद्यापीठ राजी झाले नाही, आणि १९२५ मध्ये बेकर येल येथे गेला. तेथे एडवर्ड हार्कनेस या धनिकाने दहा लक्ष डॉलरांची देणगी देऊन नाट्यविभागाची सोय केली होती. पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी रंगभूमी हा स्वतंत्र प्रधान विषय हार्वर्डने सुरू केला तो २०१५ मध्ये. म्हणजे बेकर गेल्यानंतर नव्वद वर्षांनी.

३

बेकरची दृष्टी लिबरल आर्ट्स महाविद्यालयात खऱ्या अर्थाने रुजविली ती हॅली फ्लॅनगन या विदुषीने. तिचा जीवनक्रम हाच या परंपरेचा नकाशा आहे. आयोवातील ग्रिनेल या लहानशा महाविद्यालयातून ती १९११ मध्ये पदवीधर झाली, पुढे तेथेच शिकवू लागली, १९२३-२४ मध्ये बेकरच्या वर्कशॉपमध्ये राहिली, आणि १९२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील व्हासार या त्या वेळच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात आली. १९२६ मध्ये मिळालेल्या गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर तिने युरोप व रशिया येथील रंगभूमीचा अभ्यास केला. परतल्यावर तिने जे उभे केले त्याचे नाव ‘व्हासार एक्सपेरिमेंटल थिएटर’.

या नावाचा अर्थ मराठी वाचकास इंग्रजी वाचकापेक्षा अधिक सहज कळावा. मराठीत नाटकाचाही ‘प्रयोग’ होतो आणि प्रयोगशाळेतही ‘प्रयोग’ होतो. फ्लॅनगनने हे दोन अर्थ प्रत्यक्षात एकत्र आणले. १९२७ मध्ये तिने चेकॉव्हची ‘लग्नाची मागणी’ ही एकांकिका एकाच संध्याकाळी तीन वेळा सादर केली : एकदा वास्तववादी शैलीत, एकदा अभिव्यक्तिवादी शैलीत व एकदा रचनावादी शैलीत. संहिता तीच, बदलली ती केवळ शैली, आणि तिच्याबरोबर अर्थही. एक घटक कायम ठेवून दुसरा बदलावयाचा व परिणाम न्याहाळावयाचा, ही रीत शास्त्रज्ञाची होय. अभिनयाचे कौशल्य कमविण्यासाठी हा खटाटोप नव्हता. शैली अर्थ कसा घडविते हे समजून घेण्यासाठी होता. नाट्यशिक्षण हे लिबरल शिक्षण कसे होऊ शकते याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

पुढचे पाऊल १९३१ मध्ये पडले. आर्कान्सासमधील अवर्षणग्रस्त शेतकऱ्यांच्या हलाखीवर ‘कॅन यू हिअर देअर व्हॉइसेस?’ हे नाटक फ्लॅनगनने मार्गारेट एलन क्लिफर्ड हिच्या सहकार्याने लिहिले व विद्यार्थिनींकडून बसवून घेतले. व्हिटेकर चेंबर्स याच्या कथेवर ते आधारलेले होते. त्यात प्रत्यक्ष वस्तुस्थितीचे तपशील पडद्यावर दाखविले जात. येथे अर्थशास्त्र, इतिहास व नाट्य यांच्या सीमा एकमेकींत मिसळल्या. १९३३ मध्ये टी. एस. एलियटच्या ‘स्वीनी ॲगोनिस्टीझ’चा पहिला प्रयोगही व्हासार येथेच झाला, आणि त्यास कवी स्वतः उपस्थित होता.

१९३५ मध्ये मंदीच्या काळात बेकार नाट्यव्यावसायिकांना काम देण्यासाठी संघराज्य सरकारने ‘फेडरल थिएटर प्रोजेक्ट’ काढला. मदतकार्याचा प्रमुख हॅरी हॉपकिन्स हाही ग्रिनेलचा विद्यार्थी, फ्लॅनगनच्या पाठोपाठच्या वर्षाचा. ब्रॉडवेवरील एखाद्या निर्मात्यास न बोलावता त्याने एका महाविद्यालयातील अध्यापिकेस या योजनेचे प्रमुखपद दिले. योजनेच्या भरात बारा हजारांहून अधिक माणसे तिच्यावर काम करीत होती. तिच्यातील ‘लिव्हिंग न्यूजपेपर’ हा नाट्यप्रकार व्हासारच्या १९३१ मधील नाटकाशी नाते सांगणारा आहे. डिसेंबर १९३८ मध्ये फ्लॅनगनला काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे उभे राहावे लागले. ख्रिस्टोफर मार्लो हा कम्युनिस्ट होता काय, असा प्रश्न एका सभासदाने तिला विचारला. जून १९३९ मध्ये काँग्रेसने योजना बंद केली. एका लहान महाविद्यालयातील रंगमंचावर केलेला प्रयोग राष्ट्राच्या राजकारणापर्यंत पोचू शकतो, आणि तसा पोचल्यास त्याची किंमत मोजावी लागते, हे या इतिहासाने दाखविले. विरंगुळ्याची चौकशी कोणी करीत नाही, विद्येची होते.

४

याच काळात दुसरा एक प्रवाह वाहत होता. पिट्सबर्ग येथील कार्नेगी तंत्रसंस्थेने १९१४ मध्ये नाट्यविषयक पदवी देणारा देशातील पहिला अभ्यासक्रम सुरू केला. रंगभूमी हा व्यवसाय असून त्याची तयारी तंत्रशिक्षणासारखी पद्धतशीर करून घ्यावी, ही त्यामागील भूमिका. आजची ‘बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स’ ही पदवी या प्रवाहाची होय. तिच्यात अभ्यासाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग नाट्यास दिलेला असतो, साध्या ‘बी. ए.’ पदवीत तो सामान्यतः एक-तृतीयांशाच्या आसपास राहतो व उरलेला वेळ भाषा, विज्ञान, इतिहास यांस मिळतो. पदवीनंतर तीन वर्षांचे व्यावसायिक शिक्षण देणाऱ्या येलसारख्या संस्थांमुळे लिबरल आर्ट्स महाविद्यालयांवरचा भार हलका झाला. व्हासार येथून १९७१ मध्ये बाहेर पडलेली मेरिल स्ट्रीप पुढे येलला गेली व १९७५ मध्ये तेथील पदवी घेऊन निघाली. येलच्या नाट्यविद्यालयाने २०२१ मध्ये पंधरा कोटी डॉलरांच्या देणगीच्या आधारे शिक्षणशुल्क रद्द केले, तेव्हा आधी व्यापक शिक्षण व नंतर व्यावसायिक शिक्षण हा मार्ग अधिक सुकर झाला.

तिसरा प्रवाह कलेस अभ्यासक्रमाच्या मध्यभागी आणणाऱ्या प्रायोगिक महाविद्यालयांचा. व्हर्माँट राज्यातील बेनिंग्टन १९३२ मध्ये उघडले. नाट्य, नृत्य व चित्रकला यांना तेथे इतर विद्यांच्या बरोबरीचे स्थान होते, आणि हिवाळ्यातील काही आठवडे विद्यार्थ्याने बाहेर जाऊन प्रत्यक्ष काम करावे अशी रीत होती. नॉर्थ कॅरोलायनातील ब्लॅक माउंटन महाविद्यालयात १९५२ मध्ये जॉन केजने जो संहिताविरहित प्रयोग घडविला, तो पुढील ‘हॅपनिंग’ या प्रकाराचा पूर्वज मानला जातो. परंतु हे महाविद्यालय १९५७ मध्ये बंद पडले. व्हर्माँटमधील मार्लबरो २०२० मध्ये व गॉडर्ड २०२४ मध्ये बंद झाले. धाडसी शिक्षणपद्धती आणि भक्कम तिजोरी या दोन गोष्टी नेहमीच एकत्र नांदत नाहीत, ही बाब निवड करणाऱ्याने दृष्टिआड करता कामा नये.

५

या इतिहासावरून निवडीविषयी काही निष्कर्ष काढता येतात.

पहिला असा की, नाट्यविभागाचे अस्तित्व व नाट्याची संधी या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्टीफन सॉन्डहाइम १९५० मध्ये विल्यम्स महाविद्यालयातून पदवीधर झाला, तो संगीत विषय घेऊन. पण विद्यार्थिदशेतच त्याने तेथे आपली संगीतिका रंगमंचावर आणली. लिन-मॅन्युएल मिरांडाने ‘इन द हाइट्स’चा पहिला खर्डा वेस्लियन विद्यापीठात दुसऱ्या वर्षी लिहिला, तो २००० मध्ये विद्यार्थ्यांनीच चालविलेल्या ‘सेकंड स्टेज’ या संस्थेने सादर केला, आणि २००८ मध्ये तीच संगीतिका ब्रॉडवेवर पोचली. दोघांसही उपयोगी पडली ती स्वतःची कृती उभी करून पाहण्याची मुभा. म्हणून विद्यार्थ्यांनी लिहिलेली व दिग्दर्शित केलेली नाटके वर्षास किती होतात, त्यांस जागा व पैसा कोण देतो, हे विचारणे नाट्यगृहाची आसनसंख्या विचारण्यापेक्षा महत्त्वाचे ठरते.

दुसरा निष्कर्ष भूमिकावाटपाचा. मोठ्या विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थी असल्यास मुख्य भूमिका बहुधा त्यांच्याकडे जातात. लिबरल आर्ट्स महाविद्यालयात असे विद्यार्थी सहसा नसतात, हा त्यांचा मोठा लाभ. तथापि रसायनशास्त्र हा प्रधान विषय घेतलेल्या विद्यार्थ्यास निवडचाचणीत प्रवेश आहे की नाही, यावरून तेथील रंगभूमी विभागाची आहे की महाविद्यालयाची, ते कळते.

तिसरा निष्कर्ष असा की, नाट्याचा इतर विद्यांशी संबंध तपासावा. ग्रीक शिकविणारा अध्यापक ग्रीक नाटकाच्या तालमीस येतो काय? इतिहासाच्या वर्गातील सामग्री रंगमंचावर येते काय? जेथे असे घडत नाही, तेथे एक-तृतीयांश नाट्य व दोन-तृतीयांश इतर विषय ही केवळ तासांची वाटणी होते. आणि अशा स्थितीत व्यावसायिक पदवी घेणे अधिक प्रामाणिक ठरेल. व्यावसायिक सरावाची उणीव काही अंशी बाहेरून भरून काढता येते. कनेक्टिकट येथील ओनील नाट्यकेंद्राने १९७० मध्ये सुरू केलेल्या नॅशनल थिएटर इन्स्टिट्यूटमध्ये निरनिराळ्या महाविद्यालयांतील विद्यार्थी एक सत्र राहून शिकतात.

नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या यादीवरून केलेले अनुमान मात्र सदोष असते. यादीत आलेले दिसतात. ज्यांना एकही भूमिका मिळाली नाही ते दिसत नाहीत. शिवाय लिबरल आर्ट्स महाविद्यालयातील रंगभूमीचे फलित केवळ नटांच्या संख्येने मोजणे त्या परंपरेस धरून नाही. व्हासार येथे चेकॉव्हची एकांकिका तीन शैलींत करणाऱ्या विद्यार्थिनींनी अभिनयाचा व्यवसाय पत्करला असो वा नसो, शैली बदलली की अर्थ बदलतो हे त्यांनी रंगमंचावर करून पाहिले होते. निवड करणाऱ्या विद्यार्थ्याने महाविद्यालयास विचारावयाचा प्रश्न म्हणूनच असा आहे : येथे नाटकाचे प्रयोग होतात, की नाटकातून प्रयोग होतात? पहिल्याचे उत्तर माहितीपत्रकात मिळते. दुसऱ्यासाठी तेथील तालमीस जाऊन बसावे लागते.