सात कमी पडले तेव्हा

मार्च १९९५. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, विधानसभेच्या मतमोजणीच्या गोदामाबाहेर तुम्ही गर्दीत उभे आहात. मतदानयंत्रं अजून इथवर आलेली नाहीत. आत टेबलांवर पेट्या उपड्या होतात, मतपत्रिकांच्या घड्या उलगडतात, शिक्के बघून गठ्ठे लागतात. दोन चिन्हांच्या मधोमध शिक्का पडलेला निघाला की प्रतिनिधींची हुज्जत सुरू. एका फेरीचा आकडा कर्ण्यावरून यायला तासन्‌तास जातात.

आकडा येतो. पुढे अपक्ष आहे. कालपरवापर्यंत तो काँग्रेसचाच होता. तिकीट कापलं गेलं आणि त्यानं अर्ज मागे घेतला नाही. "आपल्याच माणसानं आपला माणूस पाडला," शेजारचे आजोबा टोपी सारखी करत म्हणतात.

ट्रान्झिस्टरभोवती कोंडाळं जमलंय, तिकडे सरका. मुंबई, कोकण, मराठवाड्यातून शिवसेना-भाजप युतीच्या जागा येताहेत. १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांची धग, एन्रॉनच्या वीजप्रकल्पावरचा संशय, गोपीनाथ मुंडे यांची संघर्षयात्रा, बाळासाहेब ठाकरे यांच्या सभा, एक रुपयात झुणका-भाकरीचं वचन, सगळं त्या आकड्यांत आहे. आणि नागपूरही आहे. नोव्हेंबर १९९४ मध्ये विधिमंडळावर मोर्चा घेऊन आलेल्या गोवारी समाजाच्या लोकांपैकी ११४ जण चेंगरून मेले. त्यांत बायका होत्या, लेकरं होती. निवेदन घ्यायला काँग्रेसचं सरकार वेळेवर बाहेर आलं असतं तर? या प्रश्नानं त्या सरकारला कधीच माफ केलं नाही.

तरी बेरीज नीट करा. शिवसेना ७३, भाजप ६५, मिळून १३८. बहुमताला १४५ लागतात. काँग्रेस ८० वर घसरली आहे. अपक्ष मात्र तब्बल ४५, आणि त्यांत काँग्रेसचे बंडखोर कितीतरी. लाट होती, पण ती काठाशी थांबली. उरलेलं अंतर काँग्रेसच्या घरातल्याच माणसांनी भरून काढलं.

आता १४ मार्च, शिवाजी पार्क. भगव्या झेंड्यांच्या गर्दीत तुम्हाला पाय ठेवायला जागा नाही. मनोहर जोशी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतात, मुंडे उपमुख्यमंत्री होतात. शरद पवारांचं सरकार गेलं, आणि ते मतपेटीतून गेलं.

त्या दिवसानंतर झालेल्या एकाही विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रानं कोणत्याच पक्षाला एकट्याच्या बळावर १४५ जागा दिलेल्या नाहीत.