पास्ता किती शिजवायचा?

सासूबाईंना पास्ता मऊ लागतो. लेक म्हणते, "आजी, इटलीत तो दाताखाली लागेल इतपतच शिजवतात."

आज हे खरं आहे. पण पंधराव्या शतकात तिथले नामवंत आचारी मार्तिनो यांनी उन्हात वाळवलेली सिसिलीची मॅकरोनी चक्क दोन तास उकळायला सांगितली होती! पुढे नेपल्समध्ये उलटी रीत आली: पाणी भरपूर, शिजवणं कमी. आर्तुसींनी १८९१ च्या आपल्या पाककृतींच्या पुस्तकात नेपल्सकरांचा हा सल्ला नोंदवला.

म्हणजे आजींचा पास्ता बिघडलेला नव्हे, जुन्या रीतीचा. अनेकांत सांगतो तसं, दोघींचंही खरं. आता मी लेकीचा पास्ता आधी काढते, आजींचा आणखी शिजू देते. सूर्यास्ताआधी दोघी शेजारी बसून जेवतात.