आजोबांची हजेरी

आमचे आजोबा पुसदकडच्या तांड्यातले. "चौकीवर हजेरी दिल्याशिवाय गाव सोडता येत नसे," असं सांगायचे. मला ते वाढवून सांगितलेलं वाटे... वसंतराव नाईक आमच्याच समाजाचे, गहुलीचे, १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री!

पण जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवणारा कायदा १८७१ चा, रद्द झाला १९५२ साली. महाराष्ट्राच्या यादीत बंजारा 'विमुक्त' आहेत. विमुक्त कशातून, हे कधी विचारलंच नाही मी.

अर्थात, यादीने आजोबांची हजेरी सिद्ध होत नाही. अमेरिकेतल्या आयरिश लोकांना 'आयरिशांनी अर्ज करू नये' अशा पाट्या आठवत. २००२ साली एका इतिहासकाराने ते मिथक ठरवलं. २०१५ साली एका शाळकरी मुलीने जुन्या वर्तमानपत्रांतून तशा जाहिराती शोधून दाखवल्या.

काका, आत्या, हजेरीचा एखादा कागद घरात आहे का?