तिरका बांध आणि खरी उंची

भिवंडी-वाडा रस्त्यावरील अंबाडीच्या शिवारात काटकोनी भातखाचर शोधूनही सहसा सापडायचे नाही. बांध उताराच्या आणि ओढ्याच्या कलाने वळतात. अशा तुकड्याचे क्षेत्रफळ काढायचे कसे? प्रश्न शाळेच्या फळ्यावरचा वाटतो. पण त्याच्याच उत्तरावर शेतसारा ठरत असे.

एक जुनी, सोपी रीत होती. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घ्यायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. इजिप्तमधील एडफू येथील मंदिराच्या दानलेखांत जमिनी याच रीतीने मोजलेल्या आहेत. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ती दिली, मात्र ‘स्थूल’ म्हणून. काटकोनी शेतात ती अचूक ठरते. अन्यत्र ती क्षेत्र वाढवूनच दाखवते, कमी कधीच नाही. म्हणजे चूक नेहमी सारा घेणाऱ्याच्या पथ्यावर!

एक शेत घ्या. दोन समोरासमोरचे बांध १० साखळ्यांचे, उरलेले दोन ५ साखळ्यांचे. साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब व तितकाच रुंद तुकडा म्हणजे १ गुंठा. बाजूंचा गुणाकार ५० गुंठे. पण आखूड बांध कललेले आहेत आणि लांब बांधावर टाकलेला लंब ४ साखळ्याच भरतो. खरे क्षेत्र ४० गुंठे, म्हणजे नेमका १ एकर. उरलेले १० गुंठे केवळ कागदावर पिकतात. बांध आणखी कलले, तर चारही लांब्या त्याच राहतील आणि जमीन आणखी घटेल.

भास्कराचार्यांचा रोष नेमका यावरच होता. ‘लीलावती’त (इ. स. ११५०) ते पायाला ‘भूमी’ आणि उंचीला ‘लंब’ म्हणतात, लंबामुळे पडणारे भूमीचे दोन तुकडे म्हणजे ‘आबाधा’. लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचे निश्चित क्षेत्र विचारणाऱ्याला ते पिशाच्च ठरवतात, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहूनही मोठे! त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापला. तेथील शिलालेखात इ. स. १२०७ चे दान नोंदलेले आहे.

मराठेशाहीतील काठी, पांड, बिघा जाऊन इंग्रजी अमलात साखळी, गुंठा, एकर आले. १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरात नव्या पाहणीस आरंभ केला आणि तिची पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. शंकू-साखळीच्या मोजणीत शेतातून एक सरळ रेषा धरतात. तिच्यावरून चालताना शंकूच्या फटीतून बांधाचा कोपरा काटकोनात दिसला, की तेथून कोपऱ्यापर्यंतचे अंतर मोजायचे. तोच लंब. (‘शंकू’ भास्कराचार्यांकडेही आहे, पण तेथे तो सावली मोजण्याचा खुंट.) शेताचे असे त्रिकोण व समलंब चौकोन पडतात, मापे टिपणात उतरतात, क्षेत्राचे हिशेब गुणाकार बुकात.

त्यामुळे अंबाडीसारख्या गावी खाचराचे क्षेत्र ज्या रेषांवर ठरते, त्यांतील बहुतेक शिवारात कोठेच दिसत नाहीत. त्या उभ्या पिकातून जातात आणि टिपणावरच उरतात.